पडवीतली फियाट

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६६ साली बाहेर पडलेली एक फियाट ११०० डिलाइट आमच्या वसईच्या घराच्या पडवीत एकोणीस वर्षे उभी होती. १९९८ च्या पावसाळ्यात तिचे इंजिन निळा धूर ओकू लागले. वडिलांनी चार जणांना हाताशी घेऊन ती पडवीत लोटली, वर ताडपत्री टाकली आणि चावी देवघराच्या खणात ठेवून दिली. २००६ साली वडील वारले. भंगारवाले वर्षातून दोनदा तरी फाटकाशी येऊन ताडपत्रीकडे बोट दाखवीत. आई त्यांना पाणी देई आणि परत पाठवी. २०१७ साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो, आणि हाताला काही उद्योग हवा म्हणून ही गाडी घरच्या घरी सुटी करून पुन्हा जोडायची असे ठरविले.

आयुष्यभर आम्ही मुलांना इतिहास शिकविला. ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे ही इतिहासाची साधने, असे फळ्यावर लिहून दिले. त्या यादीत चार चाकांचे, गंजलेले, उंदरांनी गादी कुरतडलेले साधन कधी लिहिले नव्हते. पुढील चार वर्षांत त्या साधनाने आम्हाला जे शिकविले, त्यात थोडा देशाचा इतिहास आहे, थोडा मुंबईचा, आणि काही भाग आमच्या घराचाही आहे. घरचा भाग सांगावा की नाही याचा आम्ही बराच विचार केला. आईच्या परवानगीने सांगतो आहोत.

आमच्या घरी या गाडीची जी कथा सांगितली जाई ती अशी: १९७९ साली वडिलांनी ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडून विकत घेतली. डॉक्टर फारसे बाहेर जात नसत, त्यामुळे गाडी 'हात न लागलेली' होती. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या काळी 'डॉक्टरांची गाडी' या शब्दांना मोठे वजन होते. केळी आणि पानवेलीच्या उत्पन्नावर घर चालविणाऱ्या माणसाने मोटार घ्यावी ही गावात नवलाची गोष्ट होती, त्यात ती डॉक्टरांची! आमच्या आळीतील किती नवऱ्या या गाडीतून चर्चला गेल्या आणि किती अडलेल्या बायका रात्री-अपरात्री हॉस्पिटलात पोहोचल्या, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

गाडी सुटी करण्यापूर्वी ती मुळात आली कुठून हे सांगणे आवश्यक आहे.

हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी हे स्वप्न पहिल्यांदा नेटाने पाहिले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ च्या सुमारास परदेशचे कारखाने पाहून येऊन त्यांनी मुंबई इलाख्यात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आखली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखविली, परंतु दिल्लीच्या गोऱ्या सरकारला ती नको होती. ही योजना उचलून धरणारे उद्योगपती म्हणजे सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात बनली पाहिजेत, असा ध्यास या गृहस्थाने घेतला होता. बंगलोरचा विमान कारखाना १९४० साली उभा राहिला, विशाखापट्टणची गोदी १९४१ साली. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली होती, पण महायुद्ध आडवे आले आणि सरकारही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याहून पहिल्या गाड्या निघाल्या. त्या डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा अमेरिकन नावांच्या होत्या, आणि त्यांचे भाग पेट्यांतून येत. कुर्ल्यात चालत असे ती जोडणी.

म्हणजे आम्ही पडवीत जे करायला निघालो होतो, तेच काम कुर्ल्याला पहिल्या दिवसापासून चालले होते. हा योगायोग आमच्या लक्षात फार उशिरा आला.

अमेरिकन गाड्या अवजड होत्या आणि पेट्रोल पिणाऱ्या होत्या. १९५० साली इटलीतील तुरीन शहराच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि छोट्या गाड्यांचे पर्व सुरू झाले. तुरीनला १९५३ साली फियाटने '११००/१०३' ही गाडी काढली होती. दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हाताखाली ती घडली होती. तिला वेगळी चेसिस नव्हती, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलत असे. ती वर्षभरात कुर्ल्यास आली. तिचे पुढचे गोलसर थोबाड पाहून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले, आणि ते इतके चिकटले की आजही जुने मिस्त्री दुसरे नाव घेत नाहीत. वालचंदांनी मात्र ती रस्त्यावर धावताना पाहिली नाही. एप्रिल १९५३ मध्ये ते निवर्तले होते.

त्याच सुमारास सरकारने एक कठोर निर्णय घेतला. तयार मोटारींची आयात १९४९ पासून बंदच होती. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीवरून असे ठरले की ज्यांना येथे हळूहळू सगळे सुटे भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. शिवडीला १९२८ पासून शेव्हरोलेट जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड, असे मोटारींचे तीन कारखाने उरले. या धोरणाने ग्राहकाचे हाल झाले हे खरे. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि १९५९ साली तर गाड्यांच्या वाटपावर नियंत्रणाचा हुकूमच निघाला. त्या धोरणाची टिंगल करणे आज सोपे झाले आहे. परंतु गाडीचा एक-एक भाग हातात घेऊन पुसताना त्यावरची देशी नावे दिसू लागली, तेव्हा आमचे मत थोडे सौम्य झाले. तुरीनहून पेटीतून येणारी वस्तू इथल्या भट्टीत ओतली जाऊ लागली, इथल्या लेथवर तिला आकार मिळू लागला, हे काम कुणीतरी रोज उठून केले होते.

लालबहादूर शास्त्रींची हकिकत सर्वांना ठाऊक असेल. १९६४ साली त्यांनी बारा हजार रुपयांची फियाट घेतली. जवळ सात हजार होते म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटले नव्हते. ते ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ठेवलेली आहे. आम्हाला यात आणखी एक गंमत वाटते. प्रीमियरचा कारखाना ज्या आग्रा रोडवर होता, त्याच रस्त्याला पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले.

आता पडवीकडे वळू.

आम्हाला यंत्राचे ज्ञान शून्य होते. मदतीला मिळाले ते एक वयोवृद्ध मिस्त्री. मुंबईत तीस वर्षे गाड्या दुरुस्त करून ते नालासोपाऱ्याला मुलाकडे राहायला आले होते. रोजची मजुरी ठरविताना त्यांनी एकच अट घातली: "सर, घाई करायची नाय. आणि मला विचारल्याशिवाय एक नट पण खोलायचा नाय." पहिली अट आम्ही पाळली.

दुसरी मोडली ती मोहाने. एका रविवारी मिस्त्री नसताना आम्ही आणि आमच्या धाकट्या बंधूंनी मिळून डॅशबोर्ड खोलला. पुढे गाडी जोडून झाली तेव्हा अकरा स्क्रू उरले. ते आजही एका बरणीत आहेत.

सुटे करण्याची पद्धत मात्र आमच्या कन्येने घालून दिली. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो, मग रॉकेलमध्ये धुणे, मग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी. पडवीत असे सत्तेचाळीस डबे झाले. आंब्याच्या फांदीला साखळीची कप्पी बांधून इंजिन उचलण्याचा आमचा बेत मिस्त्रींनी हाणून पाडला. लाकडी वाशांची तिकाटी उभी करून त्यांनी ते अलगद बाहेर काढले आणि जुन्या टायरवर बसविले.

या इंजिनाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, एकूण १०८९ घनसेंटिमीटर. खालचा ठोकळा बिडाचा, वरचे डोके ॲल्युमिनियमचे. ही मापे १९५३ च्या गाडीसाठी ठरली असे आम्ही समजत होतो. ती त्याहून जुनी निघाली. १९३७ साली, मुसोलिनी इटलीत राज्य करीत असताना, फियाटने '५०८ सी' नावाच्या गाडीत हेच ६८ आणि ७५ चे इंजिन घातले होते. पुढे युद्ध झाले, तुरीनवर बॉम्ब पडले, राजेशाही गेली. इटलीत या घराण्याची शेवटची गाडी १९६९ मध्ये बंद पडली. कुर्ल्यात मात्र तेच १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन एकविसावे शतक उजाडेपर्यंत ओतले जात होते. एका यंत्राने असे साठ वर्षांहून अधिक जगावे याला अभिमान म्हणायचे की आळस, यावर आमच्या पडवीत बरेच वाद झाले. आमचा कौल दोन्हीकडे थोडा थोडा आहे. स्पर्धा नव्हती म्हणून बदल झाला नाही हे उघड आहे. पण बदल झाला नाही म्हणूनच गावोगावच्या मिस्त्रींना ही गाडी डोळे मिटून खोलता-जोडता येऊ लागली, हेही तितकेच उघड आहे.

इंजिन उघडल्यावर पहिला धागा हाती लागला. मिस्त्रींनी पिस्टन काढून त्याचा माथा घासला, चष्मा कपाळावर चढविला आणि कोरलेला आकडा आम्हाला दाखविला. त्यावर ०.८ असे लिहिलेले होते. सिलिंडर झिजला की तो कातून किंचित मोठा करतात आणि त्यात तेवढाच जाड पिस्टन बसवितात. मुळात ६८ असलेला व्यास येथे ६८.८ झाला होता. "तीन बोअर तरी झाले हिचे," मिस्त्री म्हणाले. वडिलांनी १९८६ साली एकदा इंजिन उतरविले होते ते आम्हाला पक्के आठवते. मग आधीचे दोन कुणी केले? कमी फिरणाऱ्या डॉक्टरांची गाडी तेरा वर्षांत एवढी झिजते काय? वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रश्न केला असता तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती. येथे मात्र आम्ही तो टाळला. डॉक्टरांना परगावी रुग्ण असतील, असे काहीतरी पुटपुटलो.

पुढचे सहा महिने सुटे भाग गोळा करण्यात गेले. त्यासाठी आम्ही चोरबाजार पालथा घातला, कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरच्या भंगाराच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. हल्ली इटलीहूनही काही वस्तू मागविता येतात. तिकडे या गाडीचे षौकीन आहेत आणि त्यांच्यासाठी रबर, गॅस्केट वगैरे नव्याने बनतात. आमच्या एका परिचितांनी, जे जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत भाग घेतात, आम्हाला बजाविले की सगळे 'ओरिजिनल' पाहिजे, एक भाग इकडचा-तिकडचा झाला तर गाडीची किंमत गेली. आम्ही ते मनावर घेतले आणि दरवाजाची मुठी, दिव्याची कड, हॉर्नची कळ यांच्यामागे वेड्यासारखे धावलो.

मिस्त्रींना या वेडाचे हसू येई. सी.एस.टी. रोडवर एका दुकानाच्या माळ्यावर त्यांनी आम्हाला नेले. तेथे ब्रेकचे ड्रम, गिअरचे दांडे, रेडिएटर, काचांची रबरे यांचे छताला टेकणारे ढीग होते. हे सगळे कशासाठी साठविले, असे आम्ही विचारले. दुकानदाराने आमच्याकडे दयेने पाहिले. "टॅक्सी के लिए," तो म्हणाला, "और किसके लिए?"

या उत्तराने आम्हाला थांबून विचार करायला लावले. मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ साली, व्हिक्टोरिया घोडागाडीची भागीदार म्हणून. स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर नाना जातीच्या विलायती गाड्या टॅक्सी म्हणून फिरत. डिलाइट आली १९६४ साली. तिची लांबी-रुंदी मुंबईच्या गल्ल्यांना मानवली, चार गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर असल्यामुळे पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे बसू शकत, आणि दुरुस्ती कुठल्याही फुटपाथवर होई. हळूहळू काळी-पिवळी आणि फियाट हे शब्द मुंबईत एकच झाले. १९७२ साली फियाटचा करार संपला, गाडीचे नाव 'प्रेसिडेंट' झाले, १९७४ साली 'पद्मिनी'. टॅक्सीवाल्याने तिला फियाटच म्हटले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाने पाहता पाहता पद्मिनीकडे पाठ फिरविली. पुढे तिला आधार राहिला तो मुख्यतः टॅक्सीचा. २००१ साली उत्पादन थांबले, तरी हजारो टॅक्सी धावत होत्या. आणि त्या धावत होत्या म्हणून कुणी ड्रम ओतीत होता, कुणी रबर साच्यातून काढीत होता, कुणी पाटे ठोकीत होता. ज्यांच्या बंगल्यांत चकचकीत जुनी फियाट उभी असते आणि प्रदर्शनात ढाल मिळविते, त्यांच्या गाडीतले निम्मे सामान या काळ्या-पिवळ्या गर्दीच्या आशीर्वादाने मिळालेले असते. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा धागा २०१९ च्या मे महिन्यात सापडला. पत्र्याचे काम चालू होते. डाव्या मडगार्डाच्या वरच्या अंगाला, बॉनेटच्या कडेला, काचेच्या थोडे पुढे मिस्त्री लांबी खरवडीत होते. खालून दोन भोके निघाली, चार बोटांच्या अंतरावर, आत शिसे भरून बुजविलेली. मिस्त्रींनी त्यांवर अंगठा फिरविला. मग बॉनेटखाली वाकून इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यात काहीतरी शोधले. तेथे तिसरे भोक होते, त्यात जुने रबर.

"सर," ते म्हणाले, "एक सांगू? राग मानू नका. ही गाडी टॅक्सी होती."

जुने यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या हाताला बसविलेले असे. गिअरबॉक्सकडून एक तार त्याच्यापर्यंत जाई आणि चाकांच्या फेऱ्यांवर पैशांचे आकडे फिरत. दोन भोके मीटरच्या पट्टीची, तिसरे तारेचे. आम्ही तरीही मान हलविली. तेव्हा त्यांनी काही न बोलता टपाचा एक कोपरा निवडला आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायला बसले. वरचा मळकट पांढरा रंग गेला, त्याखाली आमच्या बालपणीचा पिस्ता रंग आला, त्याखाली करडे अस्तर, आणि त्याखाली हळदीसारखा पिवळा. दाराच्या खालच्या अंगाला घासले तेथे काळा.

रंगांचे ते थर पाहताना आम्हाला उत्खननाच्या चित्रांची आठवण झाली, हे कबूल करतो. पण आनंद झाला नाही. वडिलांनी आम्हाला आयुष्यात खोटे बोलू दिले नव्हते. शेजारच्या वाडीतला एक आंबा उचलला म्हणून आम्हाला परत पाठवून मालकाची क्षमा मागायला लावणारा हा माणूस. तिजोरीतले गाडीचे पुस्तक काढून पाहिले. ती दुय्यम प्रत होती, १९७९ ची, आणि तिच्यात मागच्या मालकाचे नाव एवढेच होते. त्या नावापुढे डॉक्टर हा शब्द नव्हता. चाळीस वर्षे ते पुस्तक घरात होते आणि इतिहासाच्या शिक्षकाने ते एकदाही उघडून वाचले नव्हते!

संध्याकाळी आईला विचारले. ती तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. लसूण सोलीत बसली होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "टॅक्सीवाल्याचीच होती ती. भला माणूस होता. गावी जायचं म्हणून विकली त्याने."

"मग डॉक्टर कुठून आला?"

"तो तुझ्या आत्याच्या सासरच्यांसाठी आला. तिच्या मुलीचं लग्न होतं ना त्या वर्षी. टॅक्सीतून नवरी येणार म्हटल्यावर ते काय म्हणाले असते? एकदा सांगितलं, मग मागं कसं घ्यायचं? तुझे वडील दरवर्षी म्हणायचे, पोरांना सांगून टाकू. राहून गेलं." थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. "आणि हे बघ, रात्रीच्या वेळी बाळंतिणीला घेऊन निघाले की ते मला म्हणायचे, हिला सवय आहे रात्रपाळीची."

मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. उलट ते थोडे रागावले. टॅक्सी होती यात लपविण्यासारखे काय आहे, असा त्यांचा सवाल होता. टॅक्सीला तेव्हा दरवर्षी पासिंगला न्यावे लागे. ब्रेक, दिवे, पत्रा सगळे तपासले जाई. खासगी गाडी पंधरा वर्षे कुणी बघत नाही. "टॅक्सी होती म्हणून तर टिकली, सर. डॉक्टरची असती तर कधीच भंगारात गेली असती." त्यांचे हे म्हणणे आम्ही अनेकदा तपासून पाहिले आहे. त्यात चूक सापडली नाही.

आता प्रश्न उरला तो 'ओरिजिनल'चा. परिचितांचे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली तशी करा. पण कारखान्यातून निघाली तेव्हाचा मूळ रंग काळा-पिवळा! तो द्यावा तर ती आमची गाडी राहत नाही आणि खासगी गाडीला टॅक्सीचा वेष चढवून रस्त्यावर आणणे हे बरेही नव्हे. पिस्ता द्यावा तर टॅक्सीवाल्याची तेरा वर्षे पुन्हा एकदा पुसली जातात, आणि या खेपेस अजाणता नव्हे. धाकट्या बंधूंचे मत पडले की झाकलेली मूठ झाकलेलीच बरी. वडिलांचा शब्द आपण कशाला मोडायचा? कन्या म्हणाली, आजोबांना तो शब्द मोडायचाच होता. जेवणाच्या ताटावर दोन आठवडे हा विषय चालला. इतिहास लिहिताना कुठला थर खरा मानायचा हा प्रश्न आम्ही पुस्तकांत पुष्कळ वाचला होता. तो जेवणाच्या ताटावर आला की घास गिळायला कठीण जातो.

२०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली, लोकल बंद झाली, मिस्त्री नालासोपाऱ्याला अडकले आणि सत्तेचाळीस डबे पडवीत तसेच राहिले. त्या महिन्यांत आम्ही एकट्याने वितरकाच्या तारा जोडल्या. चार सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटायचे तो क्रम आम्ही आपल्या हाताने चिठ्ठीवर १-२-४-३ असा लिहून ठेवला होता. वर्षभराने मिस्त्री परत आले, बॅटरी जोडली, चावी फिरविली, आणि गाडीने फटाका फुटावा तसा आवाज केला. आंब्यावरचे कावळे उडाले. मिस्त्रींनी डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकले, चिठ्ठी मागितली, ती खिशात घातली आणि दोन तारांची अदलाबदल केली. फियाटचा क्रम १-३-४-२. दुसऱ्या फिरकीला इंजिन धडधडले. आई पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही.

गाडी २०२१ च्या नाताळापूर्वी रस्त्यावर आली. रंग पिस्ताच दिला. टपाच्या आतल्या अंगाला, मागच्या काचेच्या वर, अस्तराचे कापड आम्ही थोडे सोडविता येईल असे ठेवले आहे. तेथे तळहाताएवढा पिवळा रंग राखला आहे. नातलगांत ज्यांना सांगायला हवे होते त्यांना सांगितले. आत्याच्या मुलीला, म्हणजे त्या वेळच्या नवरीला, फोन केला तेव्हा ती खूप वेळ हसली आणि मग म्हणाली की तिच्या सासऱ्यांनी गाडीत बसताना सवयीने विचारले होते, भाडे किती होईल?

मुंबईतल्या टॅक्सींचे पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. २००८ मध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या टॅक्सी काढून टाकण्याचे ठरले, २०१३ मध्ये ती मर्यादा वीस वर्षांवर आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, लोकांनी फोटो काढले. त्या आठवड्यात आम्ही सी.एस.टी. रोडवर गेलो होतो, ब्रेकची रबरे घ्यायला. माळ्यावरचा ढीग अर्ध्यावर आला होता. दुकानदाराने रबरे दिली आणि आणखी चार जोड घेऊन ठेवा म्हणाला. आम्ही सहा घेतले.

डाव्या मडगार्डावरची ती दोन भोके आम्ही बुजविली नाहीत. मिस्त्रींनी स्वतःच्या पेटीतून दोन रबरी बुचे काढून त्यांत बसविली आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यात तेवढी मधूनमधून दाबून पाहावी लागतात.